उजव्या दारावरचा हात

हॅमिल्टन, ओंटॅरिओ. सोमवार, दिनांक १७ ऑक्टोबर १९८३.

नाव: श्रीमती टिर्झा सेसिल झिराडकर. वय ५२ वर्षे. धंदा: पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम. मूळ राहणार नवगाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, ज्याला आता रायगड म्हणतात. हल्ली राहणार बार्टन स्ट्रीटच्या मागे, हॅमिल्टन. जात बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. विधवा. एक मुलगी, रुथ, ती माझ्याजवळ राहते.

मला समक्ष विचारण्यात आल्यावरून मी सांगते की, मला इंग्रजी कामापुरतं येतं, पण हे सगळं मला माझ्या भाषेत सांगायचं होतं. म्हणून पोलिसांनी दुभाषी म्हणून श्रीमती शोभा गद्रे यांना बोलावलं. मी सांगते तसं त्या मराठीत लिहून घेत आहेत, मागाहून त्याचं इंग्रजी करतील. त्यांची माझी आधीची ओळख नाही. मी त्यांना सांगितलं आहे, शोभाबाई, माझं बोलणं गुळगुळीत करू नका.

माझ्यावर तक्रार अशी की, काल रविवारी दुपारी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मी एका बक्षीसपात्र गाडीच्या उजव्या दाराचं आतलं अस्तर स्क्रू काढून उघडलं, आणि आतल्या पत्र्यावरचा रंग पेंट रिमूव्हर लावून पुसून काढला. तक्रार खरी आहे. स्क्रूड्रायव्हर माझ्या नवऱ्याचा आहे. पेंट रिमूव्हरची बाटली आणि चिंध्या मी घरून पर्समध्ये घालून नेल्या होत्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या आहेत, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. स्क्रूड्रायव्हर तेवढा परत मिळावा.

तक्रार प्रदर्शन भरवणाऱ्या क्लबने दिली आहे. गाडीचा मालक हर्बर्ट झिराडकर, राहणार मॉन्ट्रियल, हा माझा सख्खा धाकटा दीर. त्याने तक्रार दिलेली नाही. तो देणारही नाही, का ते पुढे येईल.

जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारलं की या गाडीशी माझा काय संबंध. तर ती गाडी माझा नवरा सेसिल याने बांधली. आम्ही १९६७ साली मुंबईहून हॅमिल्टनला आलो. सेसिल तिकडे माझगावच्या एका मोटार गॅरेजात होता, इथे पोलादाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. दुसऱ्या वर्षी त्याला कॅलेडोनियाजवळ एका शेतकऱ्याच्या खुराड्यात बत्तीस सालची एक फोर्ड सापडली. खुराड्यात म्हणजे अक्षरशः खुराड्यात. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन नव्हतं, चाकं नव्हती, तळाला भोकं होती. सेसिल ती ट्रेलरवर घालून घरी घेऊन आला आणि मला म्हणाला, "टिर्झा, बघ काय आणलंय." मी म्हटलं, "अंडी तरी आणलीस का?"

अशा जुन्या गाडीचं छप्पर कापून खाली बसवायचं, मडगार्ड काढून टाकायचे, आत मोठं इंजिन घालायचं, आणि ती पळवायची, असा इथल्या लोकांचा शौक आहे. त्याला हॉट रॉड म्हणतात. सेसिलला हा शौक कारखान्यातल्या मित्रांनी लावला. मागच्या गॅरेजात तो कामावरून आला की जायचा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी हात धुऊन घरात यायचा आणि शनिवारी त्या गॅरेजकडे फिरकायचासुद्धा नाही. आम्ही शनवार तेली लोक, शनिवार पाळणारे, आमच्या वाडवडलांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं गाडीच्या नादात माणूस सगळं विसरतो. सेसिल काही विसरला नव्हता.

चार वर्षं तो त्या गाडीला लागला होता. मर्क्युरीचं व्ही-आठ इंजिन घातलं. गडद हिरवा रंग दिला. सीटा मी शिवल्या, तपकिरी रेक्झिनच्या, माझ्या मशीनच्या सुया मोडून. गिअरच्या दांड्याला मूठ हवी म्हणून त्याने माझ्या मसाल्याच्या पितळी डब्याच्या झाकणाचं बोंड काढून घेतलं. तो डबा माझ्या सासूबाईंचा, सिम्हाबाईंचा. मी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून झाकण उघडायला मी सुरी घालते. आजही घालते.

आता दाराचं सांगते. त्या गाडीची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. माझी जागा उजवीकडची. १९७२ साली आमच्या अनाशी ढाकाच्या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे इथले ज्यू ज्याला पासोव्हर म्हणतात त्या सणाच्या, मी घर झाडत होते. आमच्या कोकणात या सणाला बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर ठसा उमटवायची आणि तो कागद दारावर लावायची रीत होती. मिसर देशात मृत्यू दारोदार फिरला तेव्हा ज्या घरावर खूण होती ते घर त्याने सोडलं, त्याची ही आठवण. सासूबाईंचा हात वर्षभर दारावर असायचा. जुना कागद त्या फाडत नसत की फेकत नसत, अंगणात पुरायच्या. दारावरचा हात पुसायचा नाही, पुसला तर घर उघडं पडतं, असं त्या म्हणत. हे सेसिलने आणि हर्बर्टने पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं आहे.

त्या दिवशी सेसिलने मला गॅरेजातून हाक मारली. उजव्या दाराचा आतला पत्रा उघडा होता, अस्तर अजून बसवलं नव्हतं. तो म्हणाला, "टिर्झा, हात दे." मी म्हटलं, "अरे, गाडीला कोणी हात लावतं का? गाडी काय घर आहे?" तो म्हणाला, "मी घरापेक्षा जास्त इथेच असतो असं तूच ओरडतेस ना?" इथे बकरं कुठलं आणायचं? लाल प्रायमर रंगाचा डबा होता. तो डबा हर्बर्टने धरला होता. सेसिलने माझा पंजा त्यात बुडवला आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर दाबला. माझी उजवी करंगळी लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून मोडली, ती बाहेर वाकडी बसली आहे. ठशातही ती तशीच उमटली. हर्बर्ट हसून म्हणाला, "वहिनी, मृत्यूदूत करंगळी बघूनच पळून जाईल." मग सेसिलने वरून अस्तर बसवलं. त्या हाताची गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती.

हर्बर्ट तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये राहत होता. त्याचं लग्न होईपर्यंत तो माझ्या हातचं जेवला. मी त्याचे कपडे धुतले, त्याला विंटर कोट घेऊन दिला. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. म्हणजे, हो, उपकार म्हणूनच सांगते. लिहा.

१९७४ च्या उन्हाळ्यात सेसिलला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ऑगस्टपासून तो हॉस्पिटलात होता. हर्बर्ट आला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं गॅरेज गळतं. बर्फ पडला की गाडी गंजेल. माझ्या ओळखीच्या माणसाची शेड आहे, तिथे नेऊन ठेवतो." सेसिलने स्वतः उशीखालून किल्ली काढून दिली. गाडी हलवायला लागतील म्हणून गाडीच्या कागदांवर सहीही करून दिली. सख्खा भाऊ म्हटल्यावर कोण वाचून सही करतं?

त्यानंतर सेसिल रोज विचारायचा, "गाडी कशी आहे?" हर्बर्ट म्हणायचा, "मजेत आहे, दादा. तू उठ, मग बघू." सेसिल म्हणायचा, बरा झालो की टिर्झाला घेऊन नायगाराला जातो, परत येतो. डॉक्टर काय म्हणत होते ते मला माहीत होतं. पण त्या गाडीपायी तो दोन घास जास्त खात होता.

नोव्हेंबरात एके दिवशी हर्बर्ट आला, टोपी हातात घेऊन पलंगाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, शेड जळाली." मी तिथेच होते. सेसिलने विचारलं, "उजवं दार?" हर्बर्ट म्हणाला, "काही उरलं नाही, दादा. राख झाली." सेसिलने माझा हात हातात घेतला आणि वाकड्या करंगळीवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "टिर्झा, हात जळाला गं."

त्या दिवसापासून त्याने ताट परत पाठवलं. मी भाताची पेज करून नेली, ती तोंडातून बाहेर आली. मी म्हटलं, अरे, पत्रा होता तो, मी आहे ना, हा बघ माझा हात. तो म्हणायचा, "हो गं." पण त्याने मनाशी हिशेब मिटवला होता. डिसेंबरात, आमच्या हनुक्का सणाचे दिवे चालू असताना, तो गेला. डॉक्टर म्हणतात, रोगाने गेला. मी डॉक्टरांशी भांडत नाही.

साहेबांनी विचारलं की शेड जळाल्याची मी चौकशी केली होती का. नाही. नवरा मरायला टेकलेला असताना मी शेड बघायला जाणार होते का? प्रेताजवळ हर्बर्ट माझ्यापेक्षा मोठ्याने रडला. वसंतात तो बायकोला घेऊन मॉन्ट्रियलला राहायला गेला. सणाला त्याचं कार्ड यायचं, मी उलट कार्ड पाठवायची.

१९८० च्या हिवाळ्याच्या तोंडी मी आणि रुथ तिच्या गाडीला विंटर टायर घालायला एका गॅरेजात गेलो. भिंतीवर गाड्यांचं कॅलेंडर होतं. एका पानावर समुद्राच्या काठी उभी असलेली पिवळी हॉट रॉड. उजवं दार उलटं उघडलेलं, आणि आत गिअरच्या दांड्यावर पितळी बोंड. मी खुर्चीवर चढले. रुथ म्हणाली, "मम्मी, व्हॉट आर यू डूइंग? गेट डाउन!" मी म्हटलं, "गप बस. माझ्या डब्याच्या झाकणाचं बोंड आहे ते." तिला वाटलं मला वेड लागलं. गॅरेजवाल्याने ते पान फाडून दिलं, मला खाली उतरवायला म्हणून दिलं असावं.

रंग बदलला होता, सीटा पांढऱ्या कातड्याच्या झाल्या होत्या. पण छप्पर कापताना सेसिलकडून मागची काच एका बाजूला किंचित चढी बसली होती, ती तशीच होती. त्यावरून तो किती दिवस कुरकुरला होता ते मीच ऐकलं आहे. घरी जाऊन मी डब्याचं झाकण समोर ठेवलं आणि ते पान शेजारी ठेवलं. मग मी स्वयंपाक केला, कारण रुथ उपाशी होती.

कॅलेंडर हॅलिफॅक्सचं होतं. पुढच्या वसंतात कारखान्यातून रजा घेऊन मी रेल्वेने तिकडे गेले. फोटोखाली मालकाचं नाव होतं, गिलिस. नौदलातून निवृत्त झालेला मेकॅनिक. फेरीबोटीने खाडीपलीकडे गेले, घर सापडलं. मी दारात म्हटलं, ती पिवळी गाडी माझ्या नवऱ्याने बांधली. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बायकोला म्हणाला, "चहा टाक." चांगली माणसं होती. त्यांना यात ओढू नये.

गिलिसने सांगितलं ते असं. गाडी त्याने १९७४ च्या ऑक्टोबरात हर्बर्टकडून विकत घेतली. हर्बर्टने त्याला सांगितलं की ही माझ्या मोठ्या भावाने बांधली, तो वारला, घरात बघवत नाही म्हणून लांब विकतो. शोभाबाई, महिना नीट लिहा. ऑक्टोबर. ऑक्टोबरात सेसिल जिवंत होता. पलंगावर बसून विचारत होता, गाडी कशी आहे. आणि हा तिकडे हॅलिफॅक्सला त्याला मारून मोकळा झाला होता. पुढच्याच महिन्यात येऊन त्याने तोंडाने शेड जाळली, कारण किती दिवस मजेत आहे म्हणून सांगणार?

पुढे गिलिस म्हणाला की एकदा काचेचं हँडल बिघडलं म्हणून त्याने उजवं दार उघडलं, तर आत लाल पंजा. त्याला वाटलं मुलांचा खेळ. रंग मारणार होता, पण सहज हर्बर्टला फोन करून विचारलं. फोनवर हर्बर्टची बोबडी वळली. म्हणाला, गाडीचं काहीही कर, पण तो हात पुसू नकोस, आमच्यात तो पुसत नाहीत. गिलिस दर्यावरचा माणूस. बोटीवर शीळ घालायची नाही, असली शास्त्रं तोही पाळणारा. त्याने अस्तर परत लावलं. पुढे अशा गाड्यांना मान आला, कॅलेंडरात फोटो छापून आले, तेव्हा हर्बर्ट स्वतः आला आणि गाडी परत विकत घेऊन गेला. जाताना त्याने विचारलं, "हात आहे ना?"

हे ऐकून मी चहा संपवला. येताना फेरीवर एका बाईने मला विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का. मी म्हटलं, फार दिवसांनी बरं वाटतंय. खरंच वाटत होतं. सात वर्षं मी देवाशी भांडत होते, आता भांडायला माणूस सापडला होता.

साहेबांनी विचारलं की मी तेव्हाच पोलिसांत का आले नाही. कागदावर सेसिलची सही आहे. कायद्याने गाडी हर्बर्टची. तुम्ही काय करणार होतात? मला सांगा. साहेबांनी पान उलटलं, हेही लिहा.

सासूबाई म्हणायच्या, टिर्झाच्या तोंडात तीळ भिजत नाही. यावेळी भिजवला. हर्बर्टला मी काही कळू दिलं नाही. त्याच्या मेव्हणीच्या लग्नाला मॉन्ट्रियलला गेले, मेंदीच्या रात्री गाणी म्हटली, त्याच्या बायकोबरोबर करंज्या केल्या. हर्बर्ट सगळ्यांना सांगत होता, माझ्या वहिनीने मला आईसारखं वाढवलं. मी म्हटलं, हो रे बाबा. त्याच्या घरामागच्या गॅरेजात कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं, तिकडे त्याने मला जाऊ दिलं नाही. मी गेलेही नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनांत तो गाडीपुढे पाटी लावायचा की आराखडा आणि बांधणी हर्बर्ट झिराडकर यांची. पेपरात फोटो आला होता, हाताची घडी घालून उभा. सेसिलचं नाव कुठेच नाही. गिलिसला विकताना भावाने बांधली म्हणाला, कारण तेव्हा रडवेलं तोंड करायचं होतं. बक्षीस घ्यायची वेळ आली तेव्हा भाऊ गळाला.

मला तो हॅमिल्टनमध्ये हवा होता. सेसिलला ओळखणाऱ्या माणसांसमोर हवा होता. सेसिलबरोबर कामाला असलेला स्टॅन इथल्या क्लबच्या कमिटीवर आहे. मी त्याला म्हटलं, मॉन्ट्रियलला माझ्या दिराची एक छान गाडी आहे, बोलावून तर बघ. गाडी सेसिलची आहे हे स्टॅनला माहीत नव्हतं, त्याने ती हिरवी पाहिलेली, आणि जळाली असंच ऐकलेलं. त्याला दोष देऊ नये. आमंत्रण मी पाठवायला लावलं. हर्बर्ट येईल की नाही याची मला धाकधूक होती, पण मान मिळतोय म्हटल्यावर तो पाय मागे घेणारा नाही. त्याने मला येतोय म्हणून फोनसुद्धा केला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

कालची हकिकत. मी आणि रुथ दुपारी प्रदर्शनात गेलो. रुथला मी फक्त काकाची गाडी बघायला जातोय एवढंच सांगितलं होतं. हर्बर्ट नव्या सुटात होता. गाडीला पहिलं बक्षीस जाहीर झालं होतं, निळी फीत लावली होती. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, पण लगेच सावरून म्हणाला, "अरे वहिनी! या, या. ही बघा, दादाची आठवण म्हणून तश्शीच नवीन बांधली मी."

मी म्हटलं, "छान केलंस हो. मी माझ्या जागेवर बसू का?" चार माणसं बघत होती, त्याला नाही म्हणता आलं नाही. मी उजवं दार उघडलं, पण बसले नाही. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खाली वाकून अस्तराचे स्क्रू काढायला लागले. सेसिलचे स्क्रू कुठे असतात ते मला माहीत आहे. हर्बर्ट ओरडला, "वहिनी, हे काय करताय?" मी म्हटलं, "तुझी नवीन गाडी बघतेय."

सगळं बदललं होतं, शोभाबाई. रंग, सीटा, काचा, दिवे. हात तिथेच होता. मला खात्री होती. दुसऱ्या कोणी चोराने तो पहिल्या दिवशी पुसला असता आणि मी आज वेडी ठरले असते. पण आमच्यातला माणूस दारावरचा हात पुसत नाही. त्याने भावाला फसवलं, मेलेला म्हणून विकला, पण हात पुसायची त्याची छाती झाली नाही.

स्टॅन आणि क्लबचे लोक धावत आले. मी सगळ्यांसमोर माझा उजवा हात त्या ठशावर ठेवला. करंगळीसकट बसला. स्टॅनने माझ्या हाताकडे बघितलं, मग मागच्या चढ्या काचेकडे बघितलं, आणि तो हळूच म्हणाला, "सेसिल." रुथ रडायला लागली. तिला हाताची गोष्ट पहिल्यांदा कळली, तिथे उभ्या उभ्या.

हर्बर्ट मला मराठीत म्हणाला, "वहिनी, तुमच्या पाया पडतो. अस्तर लावा. घरी बसून बोलू." मी पर्समधून बाटली काढून नुसती दाखवली. तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "हात पुसू नका, वहिनी. काय हवं ते सांगा. गाडी घ्या." मी म्हटलं, "गाडी नको. तो माईक घे आणि कोणी बांधली ते सांग. आणि शेड जळाली होती का, तेही सांग."

त्याने सांगितलं. बक्षिसं वाटायला जो माईक होता तो हातात घेऊन इंग्रजीत सांगितलं की ही गाडी माझा भाऊ सेसिल झिराडकर याने इथे हॅमिल्टनमध्ये बांधली, मी त्यातलं काही बांधलं नाही, शेड कधी जळालीच नाही, भाऊ जिवंत असताना मी ती विकली आणि मरताना त्याच्याशी खोटं बोललो. कारखान्यातले जुने लोक उभे होते. स्टॅनने पुढे होऊन पाटी उतरवली.

मग हर्बर्ट माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "झालं ना, वहिनी? आता राहू द्या." मी म्हटलं, "बसते मी जरा." मी गाडीत माझ्या जागेवर बसले, दार ओढून घेतलं, काच वर केली आणि दोन्ही दारांच्या आतल्या कड्या लावल्या. त्या कड्या सेसिलने केलेल्या आहेत, बाहेरून उघडत नाहीत. मग मी बाटलीचं बूच काढलं.

पेंट रिमूव्हर लावून जरा थांबावं लागतं, रंगाला फोड येईपर्यंत. हे मला सेसिलने शिकवलं होतं. वासाने डोळे चुरचुरत होते, त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं. हर्बर्ट बाहेरून काचेवर थापा मारत होता. "वहिनी, मी सांगितलं ना! सगळं सांगितलं ना! माझी मुलंबाळं आहेत!" मी काचेला तोंड लावून म्हटलं, "मुलांना या गाडीत बसवू नकोस. तू बस." बक्षिसाची गाडी म्हणून कोणी काच फोडायला धजत नव्हतं. आधी करंगळी गेली, मग बाकीची बोटं, शेवटी तळवा. मी चिंधीने स्वच्छ पुसून काढलं, खाली नागडा पत्रा दिसेपर्यंत. मग कडी काढली आणि बाहेर आले.

साहेबांनी विचारलं की हर्बर्टने माझं म्हणणं ऐकलं होतं, मग मी वचन का मोडलं. मी वचन दिलं नव्हतं. मी फक्त सांग म्हटलं. पुसणार नाही असं मी म्हटलं नाही, तिथल्या कोणालाही विचारा. हर्बर्टनेही सेसिलला गाडी परत देतो असं म्हटलं नव्हतं. मजेत आहे एवढंच म्हणायचा.

साहेबांनी असंही विचारलं की माझ्या बाजूचा एकुलता एक पुरावा मी स्वतःच्या हाताने का नष्ट केला. पुरावा मला कोर्टासाठी नको होता. हॉलभर माणसांनी तो बघितला. माझ्या नवऱ्याला मरताना कळलं की दारावरचा हात गेला, आणि त्याने खाणं सोडलं. ते कसं वाटतं, ते हर्बर्टला कळायला हवं होतं. आता त्याला रोज कळेल. गाडी त्याच्याकडेच राहू दे. मला ती नको, रुथलाही नको. पितळी बोंड मात्र मी काढून घेतलं आहे. ते माझ्या डब्याचं आहे, गाडीचं नव्हे, आणि ते मी देणार नाही.

मला समजलं आहे की काल संध्याकाळी हर्बर्टने गाडीला हात लावला नाही. क्लबच्या माणसांनी ती ढकलत ट्रेलरवर चढवली आणि तो बसने मॉन्ट्रियलला गेला. त्याने तक्रार का दिली नाही, याचं उत्तर त्यात आलं, तक्रार द्यायची तर ती उघडी पडलेली गाडी आपली म्हणावी लागते. नुकसानभरपाई किंवा शिक्षा जी काही होईल ती मी सोसायला तयार आहे.

वरचं सगळं शोभाबाईंनी मला सावकाश वाचून दाखवलं. मी सांगितल्याबरहुकूम लिहिलं आहे. फक्त एके ठिकाणी, हात पुसला त्या जागी, त्यांनी माझ्या भल्यासाठी "रागाच्या भरात" असं आपल्या मनाने घातलं होतं. ते शब्द मी खोडायला लावले. रागाच्या भरात नव्हे. बाकी बरोबर आहे म्हणून सही करते.

सही: टिर्झा सेसिल झिराडकर

माझ्यासमोर, दुभाषी: शोभा गद्रे
(दोन शब्द खोडले आहेत. जबाब देणारीच्या आग्रहावरून.)